मे महिन्यात हिमोग्लोबिन का घसरतं? सीबीसी आणि पुण्याचे ऋतू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल-मेमध्ये आमच्या लॅबमध्ये वार्षिक तपासण्यांची गर्दी असते. मुलांना सुट्टी असते, गावाला जायच्या आधी आईबाबांची रक्ततपासणी उरकायची असते. सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट हातात आला की लोक गेल्या वेळचा कागद शोधून काढतात आणि दोन्ही शेजारी ठेवतात. आकडे जुळत नाहीत, मग फोन येतात. त्या फोनांवर जे पुन्हा पुन्हा विचारलं जातं, त्याची उत्तरं इथे दिली आहेत. औषध सुरू करायचं की बंद, हे मात्र तुमच्या डॉक्टरांनाच विचारा.

जानेवारीत हिमोग्लोबिन १३ होतं, मेमध्ये १२.४ आलं. चार महिन्यांत रक्त कमी झालं का?

बहुतेक वेळा नाही. रक्तातलं पाणी वाढलेलं असतं.

रिपोर्टवरचा हिमोग्लोबिनचा आकडा शरीरात एकूण हिमोग्लोबिन किती आहे ते सांगत नाही. १०० मिलिलिटर रक्तात ते किती ग्रॅम आहे, एवढंच सांगतो. आमटीत वाटीभर पाणी घातलं तर डाळ तेवढीच राहते, आमटी पातळ होते; इथेही तसंच. उन्हाळा अंगवळणी पडताना शरीर रक्तातला द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, मुद्दाम वाढवतं. घाम गाळायला पाणी हाताशी हवं आणि अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्वचेकडे जास्त रक्त पाठवता यायला हवं. त्यासाठी अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक मूत्रपिंडांना मीठ धरून ठेवायला लावतं, आणि मिठामागे पाणीही थांबतं. हा बदल उकाडा सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांतच दिसू लागतो. शरीर पुरतं सरावायला दहा दिवस ते दोन आठवडे लागतात.

हिशोब करून बघू. समजा तुमच्या अंगात ५ लिटर रक्त आहे आणि त्यात एकूण ६५० ग्रॅम हिमोग्लोबिन आहे. म्हणजे रिपोर्टवर १३.०. आता प्लाझ्मा पाव लिटरने वाढला. हिमोग्लोबिन तेच ६५० ग्रॅम, पण रक्त ५.२५ लिटर. भागाकार केला तर १२.४ येतात. लाल पेशींचा एक थेंबही कुठे गेलेला नाही. याच माणसाने उलट पाव लिटर पाणी गमावलं असतं, तर आकडा १३.७ आला असता आणि त्याने पेढे वाटले असते.

पीसीव्ही, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा किती टक्के, तोही याच हिशोबात खालीवर होतो: ४० चे ३८ किंवा ४२. उन्हाळ्यात हिमोग्लोबिन आणि पीसीव्ही थोडे कमी, हिवाळ्यात थोडे जास्त, हे वेगवेगळ्या देशांत दिसून आलेलं आहे. फरक मात्र लहान असतो, सहसा काही दशांश ग्रॅमांचा. १३ चे १० झाले तर त्याचं खापर उन्हाळ्यावर फोडता येणार नाही.

पण उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी होतं ना? मग रक्त घट्ट व्हायला हवं!

तेही होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त त्यांची वेळ वेगळी.

दुपारी बारा ते तीन उन्हात काम केलं, पाणी घोटभरच प्यायलं आणि तसंच येऊन रक्त दिलं, तर प्लाझ्मा आटलेला असतो. हिमोग्लोबिन, पीसीव्ही आणि लाल पेशींची संख्या, तिन्ही एकदम वर गेलेली दिसतात. हे काही तासांचं आहे. पाणी-मीठ पोटात गेलं की आकडे जागेवर येतात. सरावलेल्या शरीरातला वाढीव प्लाझ्मा मात्र उकाडा असेपर्यंत टिकतो.

यातून एक घोटाळा होतो. ज्याला खरंच रक्त कमी आहे, त्याचं मे महिन्यातल्या दुपारी घेतलेलं सॅम्पल ‘नॉर्मल’ येऊ शकतं. याच्या उलट, एखाद्या धडधाकट माणसाचं हिमोग्लोबिन १७ च्या पुढे दिसतं आणि तो घाबरून जातो. रक्त जाड होण्याचा आजार आहे का, हे ठरवताना पुरुषांत १६.५ आणि बायकांत १६ च्या वरचा आकडा डॉक्टर गंभीरपणे घेतात, पण आधी नीट पाणी पिऊन आणि विसावून दिलेल्या सॅम्पलवर तो पुन्हा तपासतात. सिगारेट ओढणाऱ्यांचा आकडा बारा महिने थोडा चढाच असतो, त्यात उन्हाळ्याचा दोष नाही.

मग हे पाणी आहे की खरी कमतरता, हे रिपोर्टवरून कळतं का?

बऱ्यापैकी कळतं. त्यासाठी पहिल्या ओळीखाली उतरावं लागतं, आणि तिथे कुणी उतरत नाही.

सीबीसीमध्ये दोन जातींचे आकडे असतात. हिमोग्लोबिन, पीसीव्ही, लाल पेशींची संख्या हे पाण्याबरोबर हलतात. एमसीव्ही (लाल पेशीचं सरासरी आकारमान), एमसीएच (प्रत्येक पेशीत किती हिमोग्लोबिन) आणि आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारात किती विषमता) हे पेशीबद्दलचे आकडे आहेत. प्लाझ्मा वाढला म्हणून पेशी लहान होत नाही. त्यामुळे जानेवारीत एमसीव्ही ८८ आणि मेमध्येही ८७-८८, एमसीएच जिथल्या तिथे, आरडीडब्ल्यू १३ च्या आसपास, आणि हिमोग्लोबिन तेवढं अर्ध्या ग्रॅमने खाली, असं चित्र असेल तर पाण्याचा संशय घ्यायला हरकत नाही.

एमसीव्ही ८८ वरून ७९ वर आला, एमसीएच २७ च्या खाली गेला, आरडीडब्ल्यू १५-१६ झाला, तर ती लोहाच्या कमतरतेची पावलं आहेत. हिमोग्लोबिन अजून १२.१ म्हणजे ‘रेंजमध्ये’ असलं तरीही. अशा वेळी फेरिटिन करून घ्यावं. शरीरातला लोहाचा साठा किती उरलाय ते त्यावरून समजतं. फक्त अंगात ताप किंवा सूज असेल तर फेरिटिन फुगतं, म्हणून ते बरं वाटत असताना करावं.

एक तिसरं चित्रही पुण्यात नेहमी दिसतं. एमसीव्ही कायमच ६५-७०, हिमोग्लोबिन ११-१२, आणि लाल पेशींची संख्या मात्र ५५ लाखांच्या वर. उन्हाळा असो, हिवाळा असो, दर रिपोर्टला तेच. हा बऱ्याचदा थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनचा आईवडिलांकडून आलेला सौम्य दोष, निघतो. सिंधी, लोहाणा अशा काही समाजांत तो जास्त आढळतो, पण कुणातही असू शकतो. तपासल्याशिवाय वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या खाण्यात अर्थ नाही. लग्नाच्या आधी एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी, एकदा करून घ्यावी, कारण आईवडील दोघेही मायनर असतील तर बाळाला त्याचंच गंभीर रूप, थॅलेसेमिया मेजर, होण्याची शक्यता प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के असते.

किती फरक पडला तर मनावर घ्यायचं?

एकाच माणसाचं रक्त दोन दिवस लागोपाठ, त्याच यंत्रावर तपासलं तरी आकडे हुबेहूब येत नाहीत. थोडा हात यंत्राचा, थोडा शरीराचा. दोन्ही धरले तर हिमोग्लोबिनमध्ये साधारण ८ टक्क्यांपर्यंतचा, म्हणजे १३ असेल तर सुमारे १ ग्रॅमचा, फरक नुसत्या चढउताराने पडू शकतो. प्लेटलेटमध्ये २० ते २५ टक्के. पांढऱ्या पेशींत तर ३० टक्क्यांपर्यंत: सोमवारी ६,००० आणि गुरुवारी ७,५०० हा बदल नाहीच मुळी.

म्हणून एका आकड्याला एका आकड्याशी झुंजवू नका. तीन-चार रिपोर्ट ओळीने लावा. प्रत्येक वेळी थोडं थोडं खाली, १३.२, १२.८, १२.३, ११.९ असं चाललं असेल, तर त्यातला प्रत्येक फरक लहान असला तरी घसरण खरी आहे. पाळीत जास्त रक्त जाणं, मूळव्याध, पोटातला अल्सर, दुखण्यावरच्या गोळ्या रोज घेणं, यांतलं काहीतरी शोधावं लागेल. पन्नाशीच्या पुढच्या पुरुषात अशी घसरण दिसली तर आतड्यातून रक्त जातंय का हे बघितल्याशिवाय गोळ्या देऊन मोकळं होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि जमेल तितकं एकाच लॅबमध्ये, एकाच वेळी, शक्यतो एकाच ऋतूत करा. मेची तुलना गेल्या मेशी.

मी दिवसभर हिंजवडीत एसीत बसतो. मलाही हे लागू आहे का?

कमी प्रमाणात. ज्याला घामच फारसा येत नाही त्याचा प्लाझ्मा वाढायला कारणही फारसं नाही. रस्त्यावर भाजी विकणाऱ्या मावशींना, बांधकामावरच्या गड्याला, वाहतूक पोलिसाला जास्त लागू. शहरातही सगळीकडे पारा सारखा नसतो. लोहगाव-कोरेगाव पार्ककडे तो शिवाजीनगरपेक्षा बहुधा चढा, पाषाणकडे जरा उतरलेला.

पुणे उंचावर आहे, म्हणून आमचं हिमोग्लोबिन मुंबईकरांपेक्षा जास्त असतं म्हणे?

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. एवढ्या उंचीने पडणारा फरक किरकोळ. लेहला राहत असता तर गोष्ट वेगळी होती.

सीबीसीला उपाशीपोटी यायचं का? पाणी प्यायलं तर चालतं का?

सीबीसीला उपास लागत नाही. साखर किंवा चरबीची तपासणी सोबत असेल तर त्यांच्यासाठी लागतो. पाणी तर प्यायलाच हवं. ‘रात्रीपासून पाण्याचा थेंब घेतला नाही’ असं अभिमानाने सांगणारे आजोबा दर आठवड्याला भेटतात. त्यांची शीर सापडत नाही, आणि सापडली तर रक्त घट्ट.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे बसणं. आडवा माणूस उभा राहिला की पंधरा मिनिटांत प्लाझ्माचा काही भाग रक्तवाहिन्यांबाहेर पायांच्या ऊतींमध्ये उतरतो, आणि हिमोग्लोबिन ५ टक्के किंवा त्याहून थोडं जास्त वर जाऊ शकतं. दवाखान्यात पलंगावर झोपून दिलेलं रक्त आणि डिस्चार्जनंतर चालत येऊन दिलेलं रक्त यांत म्हणूनच अर्धा-पाऊण ग्रॅमचा फरक दिसतो. तीन मजले चढून आलात, स्कूटर सावलीत लावायला दोन फेऱ्या मारल्यात, तर आल्या आल्या हात पुढे करू नका. दहा-पंधरा मिनिटं पंख्याखाली टेका. व्यायाम आणि धावपळ यांनी पांढऱ्या पेशीही तात्पुरत्या वाढतात.

दंडाला बांधलेला पट्टा हा आणखी एक मुद्दा. तो मिनिटभरापेक्षा जास्त आवळून ठेवला तर त्या हातातलं पाणी बाहेर झिरपतं आणि सॅम्पल घट्ट होतं. शीर मिळत नसेल तर पट्टा सोडून, थोडं थांबून पुन्हा बांधायला हवा. रक्त घेणारी व्यक्ती तसं करत असेल तर कंटाळू नका, ती तुमचं भलंच करते आहे.

घरी येऊन सॅम्पल नेलं, पण ते दुपारभर बॅगेतच होतं. रिपोर्ट बिघडतो का?

बिघडू शकतो, आणि हा उन्हाळ्यातला सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा आहे.

जांभळ्या टोपणाच्या नळीत ईडीटीए असतं, त्यामुळे रक्त गोठत नाही. साध्या खोलीच्या तापमानाला त्यातले हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट हे आकडे साधारण दिवसभर टिकतात. लाल पेशी मात्र हळूहळू पाणी शोषून फुगत जातात, एमसीव्ही वाढतो, आणि त्याच्या जोडीने यंत्रावरचा पीसीव्ही. उकाड्यात हे लवकर घडतं. सिंहगड रस्त्यावर सकाळी आठला पहिलं घर, मग वडगाव, धायरी, नऱ्हे करत मुलगा दीड वाजता लॅबला पोचतो. डिकीत बर्फाच्या पिशव्यांची पेटी नसेल तर पहिल्या घरच्या नळीने पाच-साडेपाच तास ऊन खाल्लेलं असतं. ज्याचा एमसीव्ही ७८ होता त्याचा ८२ आला, तर लोहाची सुरुवातीची कमतरता झाकली जाते.

बर्फाला नळी थेट टेकवणंही वाईट. लाल पेशी फुटतात. म्हणून पेटीत बर्फाची पिशवी आणि नळी यांच्यामध्ये कापड किंवा पुठ्ठा असावा लागतो. सॅम्पल न्यायला आलेल्याला ‘पेटी आहे ना?’ असं विचारायला लाजू नका. काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं असेल, तर ती पट्टी रक्त घेतल्यापासून काही तासांतच करायला हवी. अशा तपासणीसाठी स्वतः लॅबला जा.

ईएसआर मेमध्ये वाढलेला आला. संधिवात आहे का?

एकट्या ईएसआरवरून कुणीच सांगू शकत नाही. उभ्या नळीत लाल पेशी एका तासात किती मिलिमीटर खाली बसतात ते हा आकडा सांगतो. खोली तापलेली असेल तर त्या भराभर बसतात. पीसीव्ही कमी असेल तरीही भराभर बसतात. म्हणजे उन्हाळ्यात दोन्ही बाजूंनी तो वाढण्याची सोय. लॅबच्या खोलीत एसी चालू असणं इथे चैन नव्हे. शंका राहिली तर सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारी दुसरी रक्ततपासणी, करतात.

डिसेंबरातल्या रिपोर्टवर एमसीएचसी ३९ आलं आणि लॅबने पुन्हा बोलावलं. काय झालं असेल?

एमसीएचसी म्हणजे लाल पेशींत हिमोग्लोबिन किती दाट आहे तो आकडा. तो इतका वर सहसा जात नाही, म्हणून लॅबने थांबून पुन्हा बघितलं हे चांगलंच झालं. काही जणांच्या रक्तात थंडीत लाल पेशींना एकमेकींना चिकटवणारी प्रतिपिंडं असतात, कधी न्यूमोनियासारख्या संसर्गानंतर काही आठवडे. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या आसपास किंवा खाली उतरतो, नळी गार होते, पेशींचे पुंजके होतात. यंत्र पुंजक्याला एक मोठी पेशी समजतं. मग लाल पेशींची संख्या खोटी कमी, एमसीव्ही खोटा जास्त, एमसीएचसी अशक्य. नळी ३७ अंशांवर गरम करून पुन्हा चालवली की आकडे ताळ्यावर येतात. प्रतिपिंडं का आली, हा प्रश्न मात्र डॉक्टरांकडे न्यायचा.

पांढऱ्या पेशी ऋतूप्रमाणे बदलतात का?

थोड्याफार, पण त्यांच्यावर ऋतूपेक्षा संसर्ग, ताण, व्यायाम, सिगारेट आणि दिवसाची वेळ यांची सत्ता जास्त. सकाळपेक्षा दुपारी-संध्याकाळी त्या अधिक असतात. इओसिनोफिल, म्हणजे अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, सकाळी कमी आणि रात्री जास्त. पावसाळ्यात भिंतींना ओल धरली, घरात बुरशीचा वास आला, की दमा-सर्दीवाल्यांचे इओसिनोफिल चढतात. पोटातल्या जंतांनीही चढतात. ७-८ टक्के पाहून घाबरू नका. अ‍ॅलर्जी नाही, जंत नाहीत आणि तरी महिनोन् महिने ते वाढतेच आहेत, तर दाखवा.

पावसाळ्यात ताप आला, प्लेटलेट ९०,००० आहेत. अ‍ॅडमिट व्हायचं का?

हे उत्तर जरा लांबणार, कारण इथे गैरसमज जिवावर बेततात.

जुलै ते नोव्हेंबर हा पुण्यात डेंग्यूचा हंगाम. डेंग्यूत प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी दोन्ही घसरतात, आणि सगळं घर प्लेटलेटच्या आकड्याकडे डोळे लावून बसतं. डॉक्टरांचं लक्ष त्याच कागदावरच्या दुसऱ्या आकड्याकडे असतं: पीसीव्ही. डेंग्यूत रक्तवाहिन्या झिरपू लागतात, प्लाझ्मा बाहेर पडतो, उरलेलं रक्त घट्ट होतं. पीसीव्ही मूळच्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांनी वाढला तर ती गळतीची खूण धरतात. तुमचा नेहमीचा ३८ असेल तर ४५-४६ म्हणजे धोका. पण छापील रेंजमध्ये ४५ नॉर्मल दिसतो! तुमचा नेहमीचा आकडा माहीत असणं इथे खरं उपयोगी पडतं, म्हणून जुना रिपोर्ट दवाखान्यात नेताना सोबत ठेवा.

ही गळती बहुधा ताप उतरताना, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात होते. ‘ताप गेला, बरं वाटलं’ म्हणून लोक तपासणी थांबवतात ती नेमकी याच वेळी. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, लघवी कमी होणं, गुंगी: यांतलं काहीही दिसलं तर प्लेटलेट कितीही असोत, लगेच दवाखाना गाठा. यांतलं काहीच नाही, तोंडाने पाणी जातंय आणि प्लेटलेट ९०,००० आहेत, तर डॉक्टर बऱ्याचदा घरीच ठेवून रोज सीबीसी करायला सांगतात; गरोदर, लहान बाळं, म्हातारी माणसं आणि मधुमेही यांचा निर्णय वेगळा. रक्तस्राव नसेल तर प्लेटलेट चढवण्याचा विचार साधारण १०,००० च्या खालीच होतो. तापाला पॅरासिटामॉल चालतं. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन टाळा.

पपईच्या पानांचा रस? त्याने प्लाझ्माची गळती थांबते असा पुरावा नाही, आणि उलट्या होणाऱ्याच्या घशात तो कडू रस ओतण्याऐवजी मीठ-साखरेचं पाणी द्या.

ताप नाही, काही त्रास नाही, तरी प्लेटलेट ४०,००० कशा?

हजारात एखाद्याच्या प्लेटलेट ईडीटीएमुळे नळीतच गठ्ठे करतात. यंत्राला गठ्ठे मोजता येत नाहीत. काचपट्टी बघितली की गठ्ठे दिसतात. मग निळ्या टोपणाच्या, सायट्रेटच्या नळीत पुन्हा रक्त घेतात. अशा माणसाने ही गोष्ट प्रत्येक नव्या डॉक्टरांना सांगावी, नाहीतर दर शस्त्रक्रियेआधी हीच धावपळ.

मे महिन्यात रक्तदानाला गेलो आणि हिमोग्लोबिन कमी म्हणून परत पाठवलं. डिसेंबरात तर चाललं होतं!

आपल्याकडे रक्तदात्याचं हिमोग्लोबिन किमान १२.५ हवं. शिबिरात बऱ्याचदा ते निळ्या मोरचुदाच्या पाण्याने बघतात. बोटातून काढलेला थेंब १.०५३ घनतेच्या द्रावणात सोडायचा. तो पंधरा सेकंदांत तळाला गेला तर पास, तरंगला किंवा मध्येच रेंगाळला तर नापास. डिसेंबरात १२.८ असलेल्याचा थेंब बुडतो, मेमध्ये प्लाझ्मा वाढून तो १२.३ झाला की रेंगाळतो. माणूस तोच.

खंत याची, की मेमध्येच रक्ताची चणचण असते. कॉलेजं बंद, शिबिरं कमी, लोक गावाला. सीमारेषेवर असाल तर सकाळी, पोटभर नाश्ता करून या. पण सलग दोनदा परत पाठवलं असेल, विशेषतः बाईमाणसाला, तर फेरिटिन बघा. नियमित दाते लोहाच्या बाबतीत पुष्कळदा काठावर असतात. पुरुषांनी ९० आणि स्त्रियांनी १२० दिवसांचं अंतर पाळायचं ते त्यासाठीच: प्लाझ्मा एक-दोन दिवसांत भरून निघतो, लाल पेशींना आठवडे लागतात.

बाबा वारीहून परत आले आणि हिमोग्लोबिन पाऊण ग्रॅमने कमी. एवढं चालल्यावर वाढायला नको का?

रोज मैलोन् मैल चालणाऱ्या शरीरातही प्लाझ्मा वाढतो, उन्हाळ्यासारखाच. धावपटूंमध्ये हे नेहमीचं आहे. पालख्या भवानी पेठ, नाना पेठेतला मुक्काम हलवून पुढे निघतात, माउलींबरोबरचे वारकरी दिवे घाट चढतात, तेव्हा वर ज्येष्ठाचा दमट उकाडा आणि खाली डांबर. श्रम आणि उकाडा दोन्ही एकाच दिशेला ओढतात. शिवाय कठीण रस्त्यावर तळपाय सतत आपटल्याने काही लाल पेशी फुटतात. लांब कूच केलेल्या सैनिकाच्या लघवीत असं रक्तद्रव्य उतरल्याची नोंद फ्लायशर या जर्मन डॉक्टरने १८८१ मध्ये केली होती. बाबांना तीन-चार आठवडे विश्रांती द्या आणि मग सीबीसी करा. लघवी कोकमाच्या सरबतासारखी गडद आली असेल, तर मात्र थांबू नका.

गरोदरपणात उन्हाळा आला तर?

गरोदरपणात प्लाझ्मा मुळातच ४० ते ५० टक्क्यांनी वाढतो आणि लाल पेशी त्या मानाने कमी वाढतात. म्हणूनच तिथे मर्यादा बायकांसाठीच्या नेहमीच्या १२ ची नाही, ११ ची धरतात. पण ‘हे सगळं पाणीच आहे’ असं म्हणून गोळ्या चुकवू नका. आपल्याकडच्या कितीतरी मुली गरोदर राहतात त्याच मुळी लोहाच्या रिकाम्या साठ्यावर.

लोहाच्या गोळ्या उष्ण पडतात, म्हणून उन्हाळ्यात बंद केल्या. चालेल ना?

नाही. सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्या हेच सांगतात, आणि दर वर्षी मार्चमध्ये सुरू झालेला कोर्स एप्रिलमध्ये सुटतो. पोटात जळजळणं, बद्धकोष्ठता, काळी शी हे गोळीचे परिणाम आहेत आणि ते जानेवारीतही होतात. डॉक्टरांना सांगितलं तर गोळी बदलून किंवा दिवसाआड देता येते. गोळी नीट लागू पडली तर महिन्याभरात हिमोग्लोबिन १ ते २ ग्रॅमने वाढतं, पण साठा भरायला ते नॉर्मल झाल्यावरही साधारण तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. लिंबू सरबताबरोबर घ्या, चहाबरोबर नको. गोळी आणि चहा यांत तास-दोन तासांचं अंतर ठेवा.

बीट आणि डाळिंब खुशाल खा. रंग लाल म्हणून त्यांत लोह भरपूर, असं नाही.

ऊन लागल्यावर सीबीसी करून बघावी का?

ऊन लागलेला माणूस असंबद्ध बोलतोय, चक्रावलाय, बेशुद्ध पडतोय आणि अंग भाजल्यासारखं तापलंय, तर तो उष्माघात समजायचा. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. १०८ ला फोन करा, सावलीत न्या, कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. अशा रुग्णाच्या पांढऱ्या पेशी वाढतात, प्लेटलेट घसरू शकतात, रक्त गोठण्याची यंत्रणाच बिघडू शकते, पण हे सगळं दवाखान्यात बघतील. आधी अंग गार करायचं.

मेमधला रिपोर्ट थोडा कमी आलाय. परत कधी करू?

एमसीव्ही, एमसीएच नेहमीसारखे, हिमोग्लोबिन अर्ध्या ग्रॅमने कमी, त्रास काही नाही: पाऊस स्थिरावल्यावर, ऑगस्टच्या सुमाराला, एकदा करा. एमसीव्ही घसरलेला असेल तर पावसाची वाट बघू नका, याच आठवड्यात फेरिटिन. हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल, जिना चढताना धाप लागत असेल किंवा शी डांबरासारखी काळी होत असेल आणि लोहाची गोळी चालू नसेल, तर आजच डॉक्टर. फाइलला रिपोर्ट लावताना कोपऱ्यात पेन्सिलने किती वाजता रक्त दिलं, ताप किंवा पाळी होती का, आणि घरी सॅम्पल दिलं की लॅबला, एवढं लिहून ठेवा.